रिकाम्या रकान्यातला आकडा

कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे तोफ म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. रुग्णालयांच्या अर्धवट नोंदींवर त्यांचं संशोधन चाललेलं. कुणाचा रक्तदाबच लिहिलेला नाही, कुणाचं वयच गायब. असलं काही दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं.

त्या सोमवारी मात्र तोफ खरोखर धडाडली. बाईंना लहानाचं मोठं करणारी मावशी नुकतीच डायलिसिसवर गेली होती. मूत्रपिंडाचा धोका असलेल्यांची यादी रुग्णालय दर महिन्याला कॉम्प्युटरवर काढायचं आणि त्यांना तपासणीला बोलवायचं. मावशीला दोन वर्षांत एकदाही बोलावणं आलं नाही. का, ते बघायला बाईंनी तिची नोंद उघडली. त्या दोन वर्षांत तिची रक्ततपासणी कधी झालीच नव्हती. तरी त्या रकान्यात आकडा होता, तोही चांगल्या धडधाकट माणसाचा. तपासलंच नाही, म्हणून मावशी ठणठणीत! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती यादी काढणारा प्रोग्रॅम त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने लिहिलेला. बाई तडक रुग्णालयात तिच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"हा आकडा कुठून आणलास? आभाळातून पडला?"

"रिकाम्या जागी सगळ्यांची सरासरी भरलीय, बाई," ती पुटपुटली.

"अक्कल गहाण टाकली होतीस का? माहीत नाही म्हणजे बरं आहे, असं कोणत्या गाढवाने शिकवलं तुला?"

पोरगी आता रडणार असं वाटलं. पण तिने खणातून कॉलेजातली वही काढली आणि एक पान उघडून बाईंपुढे धरलं. दुसऱ्या आठवड्याचा धडा होता. 'रिकामा रकाना आला की प्रोग्रॅम अडतो. सध्या सरासरी भरा, पुढे चला.' खाली लाल शाईत बाईंच्याच हातचं 'शाबास'.

ते 'सध्या' कधी संपवायचं, हे बाईंनी अकरा वर्षांत एकाही वर्गाला सांगितलं नव्हतं.

"ज्यांचे रकाने रिकामे होते, त्या सगळ्यांची नावं काढ," त्या म्हणाल्या. आवाज अजून चढलेलाच होता. चारशे बारा निघाली. दोघी फोन करायला बसल्या.

संध्याकाळी मावशीने विचारलं, "कुणाची चूक, ते कळलं का गं?"

"कळलं."

"फार बोलू नकोस हं त्याला. तुझी जीभ लागते."

"नाही मावशी," बाई म्हणाल्या, "या वेळी मी सोडणार नाही."