थप्पीवर ओतलेलं पाणी

हिवाळ्यातच आमच्या घरी दोन वेळा चूल पेटायची. बाकी वर्षभर बाप गुढियारीत रेल्वेच्या मालधक्क्यावर मिळेल ती हमाली करायचा. थंडी पडली की ब्राह्मणपाऱ्यातली, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीतली घरं त्याला लाकडं फोडायला बोलावत. पाणी तापवायच्या बंबासाठी, घरच्या कार्यासाठी. बाप कुऱ्हाड चालवायचा, आई आणि मी थप्पी रचायचो. बाभळीच्या सालीनं हात फाटत. त्याच हातात मी कॉलेजची वही धरायचे. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं होतं. आम्हाला दार मात्र मागचंच होतं.

थप्पी रचून आम्ही बाजूला झालो की घरच्या काकू तांब्या घेऊन येत. लाकडांवर पाणी शिंपडत. आमचा हात लागला म्हणून. बाप तेव्हा दुसरीकडे पाहायचा. मीही तसंच पाहायला शिकले होते.

त्या माघात अशाच एका घरी काकूंच्या नातवाची मुंज होती. सोवळं मोठं. म्हणून काकूंनी आदल्या संध्याकाळी तांब्याऐवजी बादल्या ओतल्या. सकाळी आचाऱ्याची भट्टी नुसती धुमसून राहिली. मांडवात धूर भरला, पाहुणे खोकत बाहेर आले. घरमालक काकाजींनी बापाला सगळ्यांपुढे उभं केलं.

"काहून बे, ओलं लाकूड देतोस? कान पकड."

बापाचे हात वर गेले. पन्नाशीचा माणूस. कुणीतरी हसलं. काकू खांबाला टेकून उभ्या होत्या. पाणी कुणी ओतलं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी पदर नाकाशी धरला.

मी थप्पीतून एक लाकूड ओढलं. बापाची कुऱ्हाड उचलली. उभं फोडलं. वरून चिंब, आत कोरडंठाक. दोन्ही तुकडे काकाजींच्या पायाशी टाकले.

"लाकूड कोरडं आहे. पाणी तुमचं आहे. बा, कान सोड."

बापानं सोडले. काकाजी एवढंच म्हणाले, आता भोगा.

भोगलं. आठ दिवसांत पाऱ्यातली सगळी घरं आम्हाला बंद झाली. ऐन थंडीत बाप कुऱ्हाड खांद्यावर टाकून जायचा आणि तसाच परत यायचा. घरातल्या कण्या संपल्या. आई म्हणाली, जाऊन पाय धर, नाहीतर हा महिना निघत नाही. मी निघालेही होते, खोटं कशाला सांगू. चप्पल घातली होती. दारात बाप आडवा आला.

"माहे हात गेले कानावर, तेवढं बस झालं. तू नको जाऊ."

उरलेला हिवाळा अर्ध्या पोटी काढला. पुढे बाप बीरगावला कारखान्यात लागला. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. अजून नातलग विचारतात, तेवढ्यासाठी पोटावर मारून घेतलंस? हो, घेतलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन. जिथं आमच्या हातामागून पाणी पडतं, तिथं आमचा हात कामाला जाणार नाही. त्या मुंजीनंतर आमच्या घरातलं कुणीही गेलेलं नाही.