तिकडे मिळत नाही

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. लोक स्वतः फोन करून घरी बोलावतात, चहा-बिस्किटं देतात आणि समोर बसून किस्सा करून दाखवतात. परदेशी सामान पाठवणाऱ्या एका कंपनीत मी सर्व्हेअर आहे. गोदाम कळंबोलीला, गिऱ्हाइकं घणसोली ते खारघर. माझं काम म्हणजे लोकांच्या घरात फिरायचं आणि जाणाऱ्या वस्तूला हिरवा स्टिकर लावायचा, राहणाऱ्या वस्तूला लाल. मग पॅकिंगच्या दिवशी आमचे सुपरवायझर म्हात्रे येतात आणि खोकी भरतात. म्हात्रे उरणजवळच्या मोऱ्याचे. फार बोलत नाहीत.

ऐकायला सोपं आहे. पण प्रत्येक घरात एक माणूस असतंच, जे लाल स्टिकरवर तळवा ठेवून म्हणतं, "अहो, पण हे तिकडे मिळत नाही." हे म्हणजे काय, तर कपडे वाळत घालायचे चिमटे. एका घरात तर मीठ.

यंदा माझ्याच मुलीला, केतकीला, ऑकलंडला नोकरी लागली. ती नर्स आहे आणि घरात आम्ही दोघीच. साहेबांनी मन मोठं करून कंटेनरच्या कोपऱ्यात तिच्या चार खोक्यांना जागा दिली. मी ऑफिसात जाहीर करून टाकलं, "आमच्याकडे तमाशा होणार नाही. मी रोज लोकांचे बघते."

म्हात्रे म्हणाले, "बगू."

*

खारघरचं एक जोडपं टोरांटोला निघालं होतं. बेडरूममध्ये ट्रेडमिल. त्यावर टॉवेल, जीन्स, पोराचा युनिफॉर्म आणि सगळ्यात वर एक चादर. खाली ट्रेडमिल आहे हे मला वायर दिसली म्हणून कळलं.

मी विचारलं, "वापरता का हे?"

नवरा म्हणाला, "इथे वेळच मिळत नाही हो. तिकडे लाइफस्टाइल वेगळी असते."

मी हिरवा स्टिकर लावला. वाद घालायचा पगार मला मिळत नाही. म्हात्र्यांच्या माणसांनी ते धूड घामाघूम होऊन खाली उतरवलं, आणि ते बोटीत बसून रवाना झालं. हिवाळ्यात बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, सामान छान लागलंय म्हणून. फोटोत ट्रेडमिल होतं. लाइफस्टाइल खरंच वेगळी झाली होती. कपडे आता लोकरीचे होते.

*

नेरुळच्या सावंतकाकूंचा मुलगा आणि सून मेलबर्नला चालले होते. काकू इथेच राहणार होत्या. मुलाने आईला आधीच बजावलं होतं की लाकूड नाही, मसाले नाहीत, तिकडचे कस्टमवाले खोकी फोडून बघतात. काकू लगेच "बरं" म्हणाल्या. इतक्या लगेच बरं म्हटल्यावरच मला शंका यायला हवी होती.

म्हात्र्यांनी पाठ फिरवली की काकू खोक्यात काहीतरी सरकवायच्या. एकदा आमसुलं निघाली. एकदा विळी. एकदा सुनेच्या स्वेटरात गुंडाळलेलं तांदळाचं पीठ. म्हात्रे काढायचे, काकू परत घालायच्या. दुपार झाली तरी किचनचं पहिलंच खोकं चालू.

शेवटी म्हात्रे कपाळ पुसत म्हणाले, "काकू, दूद संपलंय वाटतं. पोरांना जरा चा पायजे."

घरात आलेल्याला चहा मिळत नाही हे काकूंना सहन होणं शक्यच नव्हतं. त्या तडक पिशवी घेऊन खाली गेल्या. डेअरीतून परत येईपर्यंत सगळं किचन टेप लावून बंद. आणि टेप लागली की खोकं उघडायचं नाही, हा आमचा नियम. काकूंनी खोक्यांकडे पाहिलं, म्हात्र्यांकडे पाहिलं. मग पिशवीत हात घालून दुधाच्या आधी एक नवी कोरी विळी बाहेर काढली.

"वाटेत दिसली. आता ही तरी वरून बांधा."

तेव्हापासून आमच्यात पद्धतच पडली. वस्तूवरून ज्याचा हात सुटत नाही, त्याला पॅकिंगच्या दिवशी दूध आणायला पाठवायचं. कोणाला पाठवायचं ते म्हात्रे ठरवतात. घरात शिरून थोडा वेळ नुसते उभे राहतात आणि बरोबर माणूस हेरतात. फ्रिजमध्ये दूध आहे की नाही, याच्याशी कोणाला काही देणंघेणं नसतं.

*

हे फक्त आयांसाठी आहे असा कोणी समज करून घेऊ नये. वाशीचे जोशीसाहेब, बँकेतून रिटायर्ड, बायकोसह कायमचे सिडनीला मुलीकडे निघालेले. त्यांचा माळा रिकाम्या खोक्यांनी भरलेला. मिक्सरचा खोका, इस्त्रीचा खोका, टीव्हीचा खोका. टीव्ही त्यांनी केव्हाच विकला होता.

"खोका असला की वस्तूला किंमत येते," साहेबांनी मला समजावलं.

"पण वस्तू नाहीये ना, साहेब."

"म्हणून तर खोका जपला पाहिजे."

पॅकिंगच्या दिवशी साहेब माळ्याच्या शिडीखाली पहारा देत उभे. जोशीबाई सकाळपासून शांतपणे सोफ्यावर पेपर वाचत होत्या. म्हात्रे आत येऊन उभे राहिले तशी त्यांनी पेपर खाली केला आणि हळूच म्हणाल्या, "अहो, मैत्रिणीकडून ऐकलंय, ते तुमचं दूध असतं ना, ते आज जरा लवकर संपवा."

*

आमची ही पद्धत एकदाच फसली, घणसोली गावात. पाटीलशेठचा चार मजली बंगला. मुलगा लंडनला चाललेला, तिथे भाड्याची एक खोली घेतलेली. शेठना त्याच्याबरोबर हॉलमधला सोफा पाठवायचा होता. सोनेरी पाय, सिंहाची तोंडं, लाल मखमल. मुलगा कोपऱ्यात उभा राहून मला मानेनं नाही-नाही म्हणत होता.

मी म्हटलं, "शेठ, तिथे खोली लहान असते."

"मग? पोरगा काय जमिनीवर बसंल काय?"

मी सोफा मोजला, मग दार मोजलं. सोफा दारातून बाहेर निघणं शक्य नव्हतं. "हा आत आला कसा?"

"बंगला बांदला तवा सोफा आदी आनला. भिंत मागनं घातली."

म्हात्र्यांनी थोडा वेळ उभं राहून अंदाज घेतला आणि ठरल्याप्रमाणे सुरुवात केली, "शेठ, दूद संपलंय वाटतं."

"दूद? मागं गोठ्यात म्हशी हायत. किती लिटर पायजे?"

म्हात्रे पहिल्यांदाच माझ्याकडे मदतीसाठी बघायला लागले. मी म्हटलं, "शेठ, मग भिंतच फोडावी लागेल." मला वाटलं, आता तरी ऐकतील.

"फोडा की. भिंत आपलीच हाय."

सोफा गेला. मुलगा तिकडे त्याच्यावरच झोपतो, कारण खोलीत पलंग मावत नाही. मध्यंतरी त्या बाजूला काम होतं म्हणून बंगल्यावरून गेले. फोडलेल्या जागी शेठनी भिंत परत बांधलीच नव्हती, भलंमोठं सरकतं दार बसवलं होतं. मी विचारलं, हे कशाला?

शेठ दुसरीकडे बघत म्हणाले, "पोरगा येल ना परत. सोफा आत कुटनं आननार?"

*

सीवूड्सच्या एका बाईंकडे डिनर सेट होता. लग्नातला. "चांगला आहे म्हणून वापरलाच नाही," असं सांगून त्यांनी तो जर्मनीला नेला. काही वर्षांनी ते कुटुंब परत आलं तेव्हा उतरवून घ्यायलाही आम्हीच होतो. डिनर सेटचं खोकं समोर आलं. टेप आमचीच, तीही न फाडलेली, आणि वर सही म्हात्र्यांची.

म्हात्रे सहीवरून बोट फिरवत म्हणाले, "माजं अक्षर तवा चांगलं व्हतं."

*

आणि आता आमच्याकडचं. कोपरखैरण्याला आमचा वन बीएचके, त्यात केतकीची चार खोकी. सर्व्हे अर्थातच मी केला. कुकर एक, तवा एक, अंथरूण-पांघरूण, तिची पुस्तकं. बाकी सगळं लाल. केतकी म्हणाली, "आई, इतकी कडक नको होऊस." मी म्हटलं, "मी प्रोफेशनल आहे."

पॅकिंगच्या दिवशी म्हात्रे दोन माणसं घेऊन आले. मी पेन घेऊन उभी. सगळं बेतशीर चाललं होतं. तिसऱ्या खोक्यात थोडी जागा दिसली म्हणून मी पुरणयंत्र ठेवलं.

केतकी म्हणाली, "आई, मला पुरण येत नाही."

"शिकशील."

मग सोऱ्या ठेवला. चकल्या तरी कोणाला येत नाहीत? तिलाच येत नाहीत. मग मुरांब्याची बरणी, रिकामीच, पण चांगली आहे. केतकीने सोऱ्या बाहेर काढला. ती दाराकडे वळली तेव्हा मी तो परत आत ठेवला, उशीच्या अभ्र्यात घालून. हे म्हात्र्यांनी पाहिलं.

मग फळीवर मागे गेलेला स्टीलचा पेला हाताला लागला. बारशाला माझ्या आईने दिलेला, त्यावर 'केतकी' असं नाव घातलेलं. दहावीपर्यंत तिने त्यातून दूध प्यायलं, रोज नाक मुरडून. मी तो पदराने पुसला.

"एवढा एक जाईल," मी म्हटलं.

"आई, पेले तिथे मिळतात."

"हा तिकडे मिळत नाही."

मी काय बोलले ते मला माझ्याच कानांनी ऐकू आलं. टेप लावणारा माणूस टेप धरून थांबला. म्हात्रे खोक्यापाशी उभे होते, तसेच, नुसते. मग त्यांनी घसा साफ केला.

"मॅडम," ते म्हणाले, "दूद संपलंय वाटतं."

मी फ्रिज उघडला. सकाळी आणलेल्या दोन पिशव्या दारातच होत्या. मी फ्रिज बंद केला, पेला केतकीच्या हातात दिला, खिळ्यावरची पिशवी काढली आणि चपला घातल्या.