हवामामांनी न पाहिलेलं वाळवंट

आमच्या धाकट्या दिरांना अख्खं गाव हवामामा म्हणतं. मी भाऊजी म्हणते, आणि डोकं फिरलं की मीही हवामामाच म्हणते. गावाच्या टोकाला जिथे डांबर संपतं आणि वाळवंट सुरू होतं, नेमकं तिथे त्यांचं टायरचं दुकान आहे. पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, पंक्चर बुडवून बघायचं टिपाड आणि दारात जुन्या टायरांची उतरंड. हवा भरून पोट भरणारे जगात पुष्कळ असतील, हवा काढून पोट भरणारा माणूस मी हा एकच पाहिला. काय असतं, टम्म भरलेला टायर वाळूत रुतत जातो. निम्मी हवा सोडली की तो अनवाणी पावलासारखा पसरतो आणि गाडी वरच्यावर निघून जाते. म्हणून तंबू-बिंबू घेऊन वाळवंटात निघालेली प्रत्येक गाडी आधी भाऊजींपुढे थांबते, आणि परत आली की हवा भरायला पुन्हा थांबते.

आता माणूस तीस वर्षं दारात बसला की ऐकून ऐकून शहाणा होतोच. दुकानाच्या भिंतीवर उरल्यासुरल्या ऑइलपेंटनं त्यांनी वाळवंटाचा नकाशा काढलाय. कोरडी नदी, वाऱ्यानं कोरलेले दगड, काळा डोंगर आणि सगळ्यात शेवटी मिठाचं मैदान. नवीन गिऱ्हाईक आलं की हातातला पाना मास्तरांच्या छडीसारखा फिरवत सांगणार, "नदीच्या पात्रातनं सरळ जा. काळा डोंगर आला की वाट फुटते. तुम्ही डावी धरा. आणि संध्याकाळी जे दिसेल ना, त्याच्यासाठी डोळे शिल्लक ठेवा." ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. माझ्याही यायचा, आणि मला तर पक्कं माहीत होतं की या गृहस्थानं डांबरापलीकडे पाऊलसुद्धा टाकलेलं नाही.

कारण सांगते, पण चारचौघांत बोलू नका. भाऊजींना गाडी लागते. टायरवाल्याला गाडी लागते, म्हणजे आचाऱ्याला अन्नाचा वास सोसत नाही तसंच. लग्न करून घरी येताना तीनदा गाडी थांबवून झुडपाआड पळाले होते. माझ्या जावेला वाटलं, नवरा निसटतोय. हे गुपित घरात तिघींनाच ठाऊक: मला, जावेला आणि त्यांच्या लेकीला. लेक अँब्युलन्स चालवते. बापाचं पोट लेकीच्या वाट्याला आलं नाही म्हणायचं, तिला काही म्हणता काही होत नाही.

तर झालं असं की एक नवं जोडपं हवामामांचा नकाशा फोनमध्ये टिपून वाळवंटात गेलं आणि दोन दिवस परत आलंच नाही. शोधायला अँब्युलन्स गेली, म्हणजे आमची पुतणीच. तिला ते सापडले तेव्हा दोघांत मिळून अर्धी बाटली पाणी उरलं होतं. पोरं गुणी. भांडली नाहीत, ओरडली नाहीत. जाताना त्यातला मुलगा फक्त एवढंच म्हणाला, "मामा, डावीकडे काहीच नव्हतं हो."

झालं. भाऊजींचं जेवण तुटलं. भिंतीवरच्या नकाशावर ताडपत्री टांगली. कुणी वाट विचारली की मान खाली घालून चाकाशी बोलायला लागले. तिसऱ्या दिवशी मी गेले तर मला म्हणाले, "वहिनी, ती पोरं मेली असती."

"पण मेली नाहीत ना."

"मी कधी गेलो नाही आणि जगाला पाठवतोय. एकदा जाऊन बघतो. खोटं निघालं तर भिंत पांढरी करून टाकीन आणि पुन्हा कुणाला वाट सांगणार नाही."

"तुम्ही जाणार? कशात बसून?"

"गाडीत," असं म्हणताना चेहरा आधीच हिरवा पडला होता.

पुतणीनं दोन दिवसांची रजा काढली, कुणाची तरी जीप मागून आणली. मागे मी आणि जाऊ, आमच्या मांडीवर तंबू, पाण्याचे कॅन, स्टोव्ह. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण असल्या वेळी मी बोलावण्याची वाट बघत नाही. भाऊजी पुढे, तोंडात लवंग, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. निघण्याआधी चारी चाकांची हवा त्यांनी स्वतः सोडली. स्वतःच्या हातानं स्वतःला निरोप देतात तसं दिसत होतं ते.

कोरड्या नदीपर्यंत दोन पिशव्या झाल्या. त्यानंतर मात्र पोट राहिलं बाजूला, कारण ते बघायला लागले. खरं सांगू, मीसुद्धा बडबड विसरले, आणि माझी बडबड बंद करणं माझ्या नवऱ्याला पस्तीस वर्षांत जमलेलं नाही. दगड म्हणजे काय, तीन-तीन मजली, मधून वाऱ्यानं पोखरलेले, काहींच्या माना इतक्या बारीक की वाटावं आत्ता मुंडकं खाली येणार. ते तसे आपल्या पणजोबांच्याही आधीपासून उभे. भाऊजी काचेला नाक लावून पुटपुटत होते, "अस्संच सांगितलं होतं. डिट्टो." नकाशातला एकेक दगड बरोबर निघत होता आणि त्यांच्या मानेतला ताठा परत येत होता.

मग काळा डोंगर आला. डोंगर कसला, जळक्या भांड्यासारखा काळाठिक्कर ढीग, आणि त्याच्यापाशी वाट दोन्हीकडे फुटलेली. कुठे चाकाची खूण नाही, सगळी वाळू झाडून काढल्यासारखी.

"डावीकडे," भाऊजी म्हणाले.

त्या पोरांना तिकडे काही सापडलं नव्हतं, तरी बापाची खात्री व्हावी म्हणून पुतणीनं डावी घेतली. एक तास गेला, दीड तास गेला. मिठाचा कणही नाही. लाल जमीन, तिच्यावर लाल खडे, आणि ती कुठे संपायचं नाव घेईना. जाऊ माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, पाणी किती उरलंय हो?" मी म्हटलं, "पुष्कळ," आणि कॅन पायानं हलवून पाहिला. तेवढ्यात भाऊजींनी हात वर केला, "थांब गं, मला उतरू दे."

उतरले आणि पुढच्या चाकाशीच वाकले. आम्ही सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. बराच वेळ झाला तरी उठेनात, म्हणून मी डोकावले. तर ते स्क्रूड्रायव्हरनं टायरच्या खाचा कोरत होते. तळहातावर लाल खड्यांचा ढीग.

"हा रस्ता नाही," ते म्हणाले. "मिठाच्या मैदानावरनं आलेली हजार चाकं मी साफ केलीत. खाचांत करडी चिकणमाती असते, वरून पांढरा थर. लाल खडा एकदाही नाही निघाला, वहिनी. एकदाही नाही."

काळ्या डोंगरापाशी परत आलो. भाऊजी गाडीतून उतरून वाटेच्या मधोमध उभे राहिले. आम्ही आलो होतो लाल जमिनीकडून, पण त्यांनी आधी गावाकडे तोंड केलं, मग गावाकडे पाठ केली, मग पुन्हा तोंड. मला वाटलं ऊन लागलं.

"बाबा, काय करताय?" पुतणीनं विचारलं.

"मला सगळे येताना सांगत होते गं," ते हळूच म्हणाले. "हवा भरायला थांबले की सांगायचे. परतताना गावाकडे तोंड करून. 'मामा, डाव्या हाताच्या वाटेनं बाहेर पडलो.' येताना डावी म्हणजे जाताना उजवी. तीस वर्षं मी उलटं सांगतोय."

"आणि तीस वर्षं कुणी हरवलं कसं नाही?" जावेनं अगदी बरोबर विचारलं.

उत्तर पुतणीनं दिलं. पूर्वी मिठाचे ट्रक याच वाटेनं जायचे, त्यांच्या चाकोऱ्या एवढ्या खोल असायच्या की आंधळासुद्धा त्यात पाय घालून पोचला असता. गेल्या वर्षी मिठाचं काम बंद पडलं, ट्रक थांबले, आणि वाऱ्यानं आता कुठे त्या चाकोऱ्या पुऱ्या बुजवल्या. म्हणजे लोक आजवर चाकोरी बघून जात होते आणि मामांचं मन राखायला म्हणत होते, 'तुम्ही सांगितलंत तसंच होतं.' नकाशावर खरा विश्वास ठेवणारं ते जोडपं पहिलंच. भाऊजी हे ऐकून मटकन फूटबोर्डावर बसले. अशा वेळी मी चिमटा काढल्याशिवाय राहत नाही, पण त्या दिवशी मला नाही सुचला.

उजवीकडे वळलो. अर्ध्या तासानं त्यांनी पुन्हा गाडी थांबवायला लावली आणि खाचा कोरल्या. करडी माती. त्यांनी ती बोटांवर चोळली, हुंगली आणि गपचूप गाडीत येऊन बसले.

सूर्य कलताना एक छोटा चढ चढलो आणि पुतणीनं आपणहून इंजिन बंद केलं.

आता मी काय सांगू. जमीन संपली होती आणि पांढरं सुरू झालं होतं. डावीकडे, उजवीकडे, समोर, जिथवर नजर जाते तिथवर सपाट पांढरं, आणि त्यावर भेगांच्या षटकोनी चौकटी, हजारो-लाखो, कुणी बसून मांडल्यासारख्या. वरचं आकाश गुलाबी झालं तसं खालचं मीठही गुलाबी झालं, मग जांभळं. कुठं मीठ संपतं आणि कुठं आकाश लागतं ते कळेना. आवाज म्हणाल तर शून्य. माझ्याच कानातलं रक्त मला ऐकू येत होतं. इतकी वर्षं जगले, पण आपण एवढ्याशा आहोत हे मला असं कुणी न रागावता सांगितलं नव्हतं.

भाऊजी चपला काढून चालायला लागले. चालता चालता ठिपक्याएवढे झाले. मी हाक मारायला तोंड उघडलं तर जावेनं माझा हात दाबला. "जाऊ द्या ताई. आज पहिल्यांदाच त्यांना काही लागलं नाहीये." आम्ही तंबू ठोकला, चहा केला, तो गार झाला, पुन्हा केला. भाऊजी परत आले तेव्हा भुवयांवर मीठ होतं.

दुसऱ्या दिवशी परतताना जिथे फोनला पहिली रेंज आली तिथे त्यांनी गाडी थांबवली. पुतणीकडे त्या जोडप्याचा नंबर होता. भाऊजींनी स्पीकर लावला, लपवायचं काही ठेवायचं नव्हतं बहुतेक.

"मी हवामामा बोलतोय. चूक माझी होती. वाट उजवी आहे. मी नकाशा ऐकून काढला होता, आयुष्यात स्वतः कधी गेलो नव्हतो. काल गेलो. तुमचा जीव माझ्यामुळे धोक्यात आला, मला माफ करा."

मग तो मुलगा म्हणाला, "मामा, म्हणजे ते मैदान खरंच आहे?"

"आहे."

"कसं आहे?"

भाऊजींनी तोंड उघडलं. मी वाट बघत होते, आता पाना फिरेल, आता सुरू होतील. त्यांनी जीपबाहेर बघितलं, आलेल्या वाटेकडे.

"तुम्ही या," शेवटी ते म्हणाले. "मी बरोबर येतो."

आणि फोन ठेवून पिशवी मागितली.