महिन्याचे एकूण किती?

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. खोटे दात बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती अकरा वर्षं काम करत होती. दवाखान्यातून रुग्णाच्या जबड्याचा ठसा यायचा. त्यावरून ती प्लास्टरचा जबडा ओतायची, त्यावर मेणाचा दात कोरायची आणि शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवून भट्टीत भाजायची. केसाएवढी चूक झाली तरी माणूस पहिल्या घासाला म्हणतो, "उंच लागतोय," आणि दात परत येतो. तिचे असे परत आलेले दात बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे अघळपघळ बोलणं तिला सोसत नसे. 'साधारण', 'तसं म्हटलं तर', 'बघू या' असं कोणी म्हणालं की तिच्या कपाळाची शीर उडायची.

पोरगी एकवीस महिन्यांची होती. पायाला चाकं लावल्यासारखी फिरायची म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. आई-बाप कामावर गेले की सासूबाई तिला सांभाळत. एका रविवारी सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि मुलाला, सुनेला समोर बसवून सांगितलं, "हे बघा, ही आता पळते आणि मला पळवत नाही. काल जिन्यात तिसऱ्या पायरीपर्यंत गेली होती. मी पोचेपर्यंत जीव टांगणीला लागला होता माझा. उद्या काही झालं तर तुम्ही मला बोलणार नाही, पण मी स्वतःला माफ करणार नाही. एक तारखेपासून पाळणाघर बघा."

यात रागावण्यासारखं काहीच नव्हतं. हातात एकवीस दिवस होते. दातवालीने ठरवलं, तीन पाळणाघरं बघायची, तिघांना एकच प्रश्न विचारायचा आणि परवडेल ते घ्यायचं. पोरगी सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा राहील, शनिवार धरून. महिन्याचे एकूण किती?

पहिलं पाळणाघर बसथांब्याजवळ होतं. भिंतीवर हत्ती, ससे, इंद्रधनुष्य. बाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात 'महिना फक्त साडेसहा हजार'. तिला हायसं वाटलं. तिचा पगार चोवीस हजार, नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत, त्याचा एकतीस. साडेसहा म्हणजे जमण्यासारखं होतं.

टेबलामागची बाई गोड हसून म्हणाली, "साडेसहा अर्ध्या दिवसाचे हं. पूर्ण दिवसाचे साडेनऊ."

"बरं. साडेनऊ."

"जेवण-खाण धरून ना? मग दीड हजार वेगळे."

"अकरा."

"मुलगी दोन वर्षांच्या आतली आहे का? लहान बाळांना माणूस जास्त लागतं ना, म्हणून एक हजार."

"बारा झाले."

"आणि आमचा पूर्ण दिवस साडेपाचला संपतो. पुढे दर अर्ध्या तासाला साठ. शनिवार प्रत्येकी अडीचशे. प्रवेशाचे सहा हजार वर्षातून एकदाच."

दातवाली हिशोबाची वही काढून लिहीत होती. तिने मान वर केली. "ताई, तुम्ही मला एका कागदावर महिन्याचं एकूण लिहून द्याल का?"

"अहो, तसं फिक्स नसतं. साधारण बारा-तेरा धरून चाला."

तिने साधारण धरलं नाही. रोजचा जादा एक तास म्हणजे एकशेवीस, बावीस दिवसांचे दोन हजार सहाशे चाळीस. चार शनिवारांचे एक हजार. प्रवेशाचे बारा महिन्यांत वाटले तर पाचशे. एकूण सोळा हजार एकशेचाळीस. तिने वही त्या बाईंसमोर धरली. बाईंनी आकडा बघितला आणि त्यांचं हसू जरा आखडलं. "इतका बारीक हिशोब कोणी करत नाही, मॅडम."

"करत नाही म्हणून तर चाललंय," दातवाली म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं पुटपुटत ती घरापर्यंत चालत आली. बसमध्ये शांत बसणं तिला शक्यच नव्हतं.

दुसऱ्या पाळणाघराचा पत्ता शेजारणीने दिला. एका बाईंनी आपल्या घरातल्या दोन खोल्यांत ते चालवलं होतं. दर तासाला पंचेचाळीस, डबा आपला, प्रवेशाचे पैसे नाहीत. "जितके तास तितके पैसे, आपलं काम सरळ," बाई म्हणाल्या. महिन्याचे दोनशेसाठ तास, म्हणजे अकरा हजार सातशे. पण आत नऊ मुलं आणि सांभाळणाऱ्या त्या एकट्या. मुलं टीव्हीसमोर ओळीने बसलेली, अगदी गप्प.

"बंद कधी असतं?" तिने विचारलं.

"तसं ठरलेलं नाही. कधी माझं काम निघालं तर महिन्यातून दोन-तीनदा. सकाळी फोन करते ना मी! तास मात्र महिन्याचे पूर्ण धरते."

म्हणजे ते दोन-तीन दिवस लॅबला दांडी. एका दांडीचे नऊशे तेवीस जातात. तीन दिवसांचे पावणेतीन हजारांच्या वर. अकरा-सातशेचे साडेचौदाला टेकले.

तिसरं पाळणाघर तिने यादीत शेवटी ठेवलं होतं, कारण त्यांनी फोनवरच 'चौदा हजार' सांगितलं होतं आणि ऐकून तिने फोन ठेवला होता. आता ती स्वतः गेली. चालवणाऱ्या बाई पूर्वी इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. कागद आधीच छापलेला होता. सकाळी आठ ते संध्याकाळी पावणेसात, शनिवार धरून, दोन वेळचं खाणं धरून, वर्षातल्या बंद दिवसांच्या तारखा सुद्धा. चौदा हजार. खाली लिहिलेलं होतं, 'याशिवाय काही नाही.'

दातवालीला तो कागद बघून रडूच यायचं बाकी होतं. ज्याला ती महाग म्हणून वगळत होती ते सगळ्यात स्वस्त निघालं.

"पण चौदा म्हणजे सुद्धा माझ्या पगाराच्या निम्म्याहून जास्त, सिस्टर," ती म्हणाली. "कुठे जातात एवढे?"

सिस्टरना राग आला नाही. त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. "चार बाळांमागे एक बाई. बारा बाळं, तीन बायका. तीन पगार, जागेचं भाडं, दूध, फळं, भाजी. ती खिडकीजवळची बघा, तिचा स्वतःचा मुलगा त्या बाराव्या गादीवर झोपलाय. तिला इथला दर परवडत नाही, म्हणून मी तिच्याकडून पैसे घेत नाही. त्याचा खर्च बाकीच्या अकरा घरांवर येतो. तुमच्या चौदामध्ये थोडा त्याचा पण आहे."

दातवालीने वही पर्समध्ये ठेवली. जागा मात्र शिल्लक नव्हती. एक तारखेनंतर सहा आठवड्यांनी एक मुलगा शाळेत जाणार होता, तेव्हा मिळणार होती. तोवर नाइलाज म्हणून टीव्हीवालं पाळणाघर.

त्या संध्याकाळी तिने वही नवऱ्यापुढे ठेवली. त्याने आकडे वाचले, पेन घेतलं आणि खाली लिहिलं, चोवीस वजा चौदा, दहा. मग त्यातून तिचं बसभाडं वजा केलं. "आठ-साडेआठ उरतात," तो म्हणाला. "एवढ्यासाठी दिवसभर धूळ खायची? दोन वर्षं घरी राहिलीस तर?"

"माझ्या पगारातून का वजा केलंस?"

"म्हणजे?"

"पोरगी एकटीची आहे का माझी? तुझ्या एकतीसमधून वजा कर की चौदा. मग तुझे सतरा उरतात. मग तू बस घरी दोन वर्षं."

तो हसला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू विरलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "बरोबर बोलतेय ती. तुझ्या वेळेला मी नोकरी सोडली होती. दोन वर्षांसाठी. नंतर कोणी घेतलं नाही मला."

नवऱ्याने आधीची वजाबाकी खोडली. म्हणाला, "पंचावन्नमधून चौदा." आणि तसं लिहिलं. दातवालीला वाटलं होतं की जिंकल्यावर बरं वाटेल. वाटलं नाही. एवढी साधी गोष्ट सांगायला भांडावं लागलं याचाच ताप झाला.

एक तारखेला भिंगरी टीव्हीवाल्या बाईंकडे जायला लागली. पहिल्या आठवड्यातच, अकरा वाजता, लॅबमध्ये फोन वाजला. "मी एकला बंद करतेय हं आज, बहिणीकडे जायचंय." भट्टीत चार दात भाजत होते. नवरा कुठल्या तरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला, फोन लागेना. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला वेळ सांगून ती पळाली. त्या मुलीने भट्टी दहा मिनिटं उशिरा उघडली. चारही दात काळवंडले.

लॅबच्या मालकांनी दातांचे पैसे तिच्या पगारातून कापले. "पोरीचं काय ते घरी निस्तर," ते म्हणाले. "इथे आणू नकोस."

"मी आणलं नाही, साहेब. आणता आलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. मालकांना ते उद्धट वाटलं.

सहा आठवड्यांत असं पाच वेळा झालं. दोनदा ती पळाली, दोनदा नवरा. पाचव्या वेळी पुन्हा नवरा पोरीला आणायला गेला तर बाईंनी दार अर्धंच उघडून विचारलं, "आई कुठाय हिची?" तो घरी आला तो धुमसतच. "मी बाप आहे, कुरिअरवाला नाही!" दातवालीने त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "मला हे रोज विचारतात, फक्त उलट. कामावर गेले की विचारतात, पोरगी कुठाय?"

पहिल्या महिन्याच्या अखेरीलाच तिने टीव्हीवाल्या बाईंचं बिल, कापलेला पगार, जळलेले दात आणि नवऱ्याच्या दोन दांड्या मिळून हिशोब केला होता. अठरा हजारांच्या वर गेला. तिने वही रागाने अशी मिटली की आतलं पान फाटलं.

सातव्या आठवड्यात सिस्टरकडे जागा झाली. पहिले चार दिवस भिंगरी दारात लोळून रडली. पाचव्या दिवशी वळूनही न बघता आत पळाली आणि दातवालीच बाहेरच्या पायरीवर दोन मिनिटं बसून राहिली.

पण सगळं सुरळीत झालं असं नाही. आठ महिन्यांनी सिस्टरनी नवा कागद दिला. साडेपंधरा. भाडं वाढलं, एका बाईचा पगार वाढवावा लागला. कारणं खरी होती, म्हणूनच तिला जास्त चिडायला झालं. भांडायला कोणी समोर नव्हतं. ती मालकांकडे पगारवाढ मागायला गेली. मालकांनी विचार करायला पंधरा दिवस घेतले आणि आठशे वाढवले.

"अकरा वर्षांचे आठशे?" तिने विचारलं.

"लॅब चालवणं सोपं नाही गं."

दुसऱ्या महिन्यात तिने राजीनामा दिला. सिस्टरच्या पाळणाघरापासून चालत दहा मिनिटांवर एक नवी लॅब निघाली होती. तिथे तिने आपण बनवलेले सहा दात डबीत घालून नेले, दाखवले आणि साडेसत्तावीस मिळवले. जुन्या मालकांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ती भट्टीजवळ होती.

नव्या लॅबला गुरुवारी सात वाजेपर्यंत काम असतं, म्हणून गुरुवारी पोरीला नवरा आणतो. त्यासाठी त्याने आपल्या साहेबांकडून लवकर निघायची परवानगी लेखी घेतली, आणि ती मिळवायला त्याला तीन आठवडे लागले. "तोंडी चाललं असतं की," साहेब त्याला म्हणाले होते. "साधारण जमेल तसं जा." त्याने ऐकलं नाही.

साडेपंधरा अजूनही जड जातात. महिन्याच्या एक तारखेला दोघं पैसे काढतात, दोघं कुरकुरतात, आणि सासूबाई म्हणतात, "मी सांभाळत होते तेव्हा कोणी हिशोब केला नाही."