बाबा अंकलना हसले

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, त्यांना आवडतं ते त्यांच्या आसपास असू द्या. त्यांना माझा सॅक्सोफोन आवडतो असं मी धरूनच चालले. माटुंग्याला क्लास लावून मी तो शिकत होते. ऑफिसमधून आले की लालबागच्या आमच्या घरात त्यांच्या पलंगाशी बसून जुनी गाणी वाजवायचे. बाबा खिडकीकडे बघत राहायचे. चेहऱ्यावर काही नाही. मी स्वतःला सांगायचे, आतून ऐकत असतील.

खालच्या मजल्यावर गिरगावातून एक ख्रिश्चन अंकल राहायला आले. नोकरीतून निवृत्त झालेले, पण तरुणपणापासून लग्नांत सॅक्सोफोन वाजवणारे. एका रविवारी मीच त्यांना वर बोलावलं. खरं तर माझं वाजवणं त्यांनी ऐकावं म्हणून. मी एक संथ गाणं वाजवलं. "चांगलं वाजवतेस," ते म्हणाले, आणि बाबांकडे बघत स्वतःचा सॅक्सोफोन तोंडाला लावला.

त्यांनी ती धून काढली. परदेशातल्या एका विनोदी टीव्ही कार्यक्रमाची, सगळे त्यातल्या जाड्या नटाच्या मागे भराभर धावत सुटतात तेव्हा वाजते ती. हल्ली मोबाइलवर कुत्र्यामांजरांच्या व्हिडिओखालीही तीच असते. मला ती नेहमीच पोरकट वाटायची.

बाबा हसले. नुसते ओठ हलले नाहीत, खांदे गदगदले, डोळ्यांत पाणी आलं. चांगला हात उचलून त्यांनी हवेत दोन बोटं धावल्यासारखी नाचवली. "जाडो... धावता," ते मालवणीत म्हणाले. "चाळीत भाड्याने व्हिडिओ आणून हाच कार्यक्रम बघायचे ना," आई स्वयंपाकघरातून सांगत होती, "यांच्या गिरणीतले सगळे जमायचे, हे तर लोळायचे हसून."

हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण आधी हेवाच वाटला. इतके दिवस रोज संध्याकाळी मी फुंकत बसले होते, आणि हा माणूस एकदा आला आणि बाबांना घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी अंकलकडे गेले. "मला शिकवा ती."

"हळू घे आधी. बोटं बसली की पळव."

मी ऑफिसच्या टेबलावरसुद्धा बोटं चालवली. धून बसली, वेगही आला. एकही सूर न चुकवता मी ती बाबांसमोर वाजवली. ते लक्ष देऊन ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बरा वाजवतंस." मग लगेच, "त्याका बोलव गो."

अंकल हल्ली दर रविवारी येतात. मी चहा करायला आत जाते आणि गॅस बारीक ठेवते, म्हणजे मला बाहेर यायला उशीर होतो. भिंतीपलीकडून बाबांचं हसू येतं. अंकल चुकतात, मध्येच खोकतात, तरी ते हसतात.

मागच्या रविवारी अंकलना यायला उशीर झाला. बाबा दाराकडे बघत होते. मी विचारलं, "मी वाजवू?"

"वाजव," बाबा म्हणाले. "तो येय्सर."

अंकल येईपर्यंत तर अंकल येईपर्यंत. मी वाजवायला घेतलं.