ताईसोबत घासलेलं हेड

माझी थोरली बहीण अलिबागला दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. मोटारसायकलशी तिचा संबंध मागच्या सीटवर बसण्यापुरता. तरी इंजिनाच्या हेडला हात कसा लावायचा, ते मला तिनंच शिकवलं.

माझी गाडी जुनी, शंभर सीसीची. सासुरवाडी काशीदच्या पुढे. वाटेतल्या चढाला बायको मागे असली की गाडी दुसऱ्या गिअरवर यायची आणि मागून येणारे पर्यटक हॉर्न मारत सुटायचे. कारखान्यातल्या एका मित्रानं सांगितलं, हेड पोर्ट कर. हेडमध्ये दोन वाटा असतात. एकीतून हवा-पेट्रोल आत येतं, दुसरीतून धूर बाहेर जातो. ओतीव धातू असल्यानं आत खडबड राहते. ती घासून काढली की इंजिन मोकळं होतं.

मी हेड उतरवलं, थळच्या घरी ओटीवर मांडलं आणि छोटा ग्राइंडर घेऊन बसलो. पहिल्याच रविवारी हात सटकला. व्हॉल्व्ह ज्या कड्यावर घट्ट बसतो, त्या सीटवरच ओरखडा पडला. मी ग्राइंडर आपटला.

ताई त्या दिवशी जेवायला आलेली. बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली.

"धर बघू कसा धरतोस."

मी धरला.

"अरे, मुठीत काय आवळतोस? पेनासारखा धर. आणि करंगळी टेकव लोखंडावर. हात टेकला की टूल उडत नाही."

"लोखंड नाही, ॲल्युमिनियम आहे."

"असू दे. करंगळी टेकव."

मग तिनं डोळे मिटून हेडच्या वाटेत बोट फिरवलं. "इथं उंच आहे. लागतंय तुला?" मला आधी काहीच लागेना. तिनं माझं बोट धरून तिथं नेलं, तेव्हा लागलं.

"थोडं घासायचं, बोट फिरवायचं, मग परत घासायचं. जास्त गेलं तर परत लावता येत न्हाय."

आई आतून म्हणाली, "जेवन थंड झाला, दोघं बी या आता."

ताईनं ते हेड आपल्या पिशवीत घालून अलिबागला नेलं, ओळखीच्या मशीनवाल्याकडून सीट नव्यानं कापून आणली. त्यानंतर दर रविवारी ती येऊ लागली, ग्राइंडरच्या टोकाला लावायच्या, लॅबमधल्या झिजलेल्या बर आणि पॉलिशची चाकं घेऊन. हवा-पेट्रोलची वाट मी थोडी खरखरीतच ठेवली. गुळगुळीत केली तर पेट्रोल भिंतीला चिकटून राहतं. ते तिला पटेना. "मग एवढी मेहनत कशाला?" म्हणून रुसली. शेवटी धुराची वाट मी तिलाच दिली. तिनं ती अशी चमकवली की शेजारची काकू बघायला आली.

ताईच्या लग्नानंतर आम्ही भेटायचो ते सणावारी, नाहीतर कुणीतरी आजारी पडलं तर. ती दिवसभर नेमकं काय करते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. हात कामात असले की माणूस बोलतं. एका म्हाताऱ्या आजोबांना कवळी बसवल्यावर त्यांनी तिथंच शेंगदाणे मागितले, हे सांगताना ती इतकी हसली की ग्राइंडर बंद करावा लागला.

व्हॉल्व्ह बसवून हेड उलटं केलं, गळतं का बघायला वर रॉकेल ओतलं. थेंबही झिरपला नाही. कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट थोडा मोठा घातला आणि गाडी जोडली. पहिल्या फेरीला बायको म्हणाली, "ताईंना घेऊन जा." ताईला मागे बसवून काशीदकडे निघालो. चढ आला. तिसऱ्या गिअरवर गाडी दमली नाही, सरळ वर गेली. रॉकेट झाली नव्हती. पण आपल्या वजनाला पुरेशी होती. ताई माझ्या पाठीवर थापा मारत होती.

वर सुरूच्या झाडाखाली थांबलो. मी म्हटलं, "ताई, तू नसतीस तर हेड भंगारात गेलं असतं."

"जाऊ दे ते," ती म्हणाली. "यांची स्कूटर फार आवाज करते. यांना न विचारता उघडायची का आपण?"

पुढच्या रविवारी उघडली.