कातडीनं सोडल्याशिवाय

अलाईच्या डोंगरात बुरुल्चा चाळीस वर्षं लोकरीसाठी शेळ्या विंचरत आली. घाई करणाऱ्यांवर ती खेकसायची, "कातडीनं सोडल्याशिवाय लोकर ओढू नका!" पण हिवाळ्यात तिला मोठा ताप आला आणि वसंतात तिचेच केस मूठमूठ गळू लागले. तिला बसवेना, जेववेना. दिवसातून दहादा रुमाल सोडून डोकं चाचपायची.

"आई, शेळीची लोकर गळली की म्हणता, खालून नवी येतेय," सून ऐझिरेक म्हणाली. "तुमची कातडी काय वेगळी आहे?"

"शेळी तीन वर्षांची असते गं. मी एकसष्टची."

सुनेनं तिला शेळीसारखंच गुडघ्यांत धरून केस बाजूला सारले. "खुंट आलेत की!"

"काळे?"

"पांढरे."

"पांढऱ्या लोकरीलाच भाव जास्त. मागं बघ, तिथंही आलेत का!"